आम्ही रंग नाही, फक्त रेट बघतो

२००५ ते २००८ मी पुण्यात एका बीपीओमधे नाईट शिफ्ट केली. काम काय, तर अमेरिकेतल्या होम लोनच्या फाईली तपासायच्या. सही आहे का, पगाराची स्लिप जोडलीय का, घराचं व्हॅल्युएशन आहे का, कुठला रकाना रिकामा राहिलाय का. कंपनीचं नाव सांगत नाही, तशा बऱ्याच होत्या तेव्हा शहरात. संध्याकाळी कॅब न्यायला यायची, पहाटे सोडायची, आणि मधल्या वेळात आम्ही ओहायो नाहीतर मेरीलँडमधल्या कुणाच्या तरी घराचे कागद उलटेपालटे करायचो, ज्यांचं घर आम्ही कधी बघणार नव्हतो.

त्या अर्जाचा दहावा भाग मला अजून आठवतो. सरकारी देखरेखीसाठी माहिती, असं त्याचं शीर्षक. अर्जदाराचा वंश कुठला, स्त्री की पुरुष, वगैरे. सांगायचं नसेल तर तशी खूण करायची सोय, पण खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की तुम्ही सांगितलं नाहीत आणि समोर बसून अर्ज करताय, तर कर्ज देणारा तुमच्याकडे बघून आणि तुमच्या आडनावावरून ते भरेल. ट्रेनिंगमधे हे वाचल्यावर आमच्या अख्ख्या बॅचमधे हशा पिकला. आडनावावरून माणूस ओळखायचा कसा हे आपल्याला काय अमेरिकेने शिकवायचं? "पूर्ण नाव काय तुमचं?" हा प्रश्न भाड्याने खोली बघताना कितीजणांनी ऐकलाय ते ज्याचं त्याला माहिती.

तर ट्रेनर म्हणाला, अरे हसू नका, तिकडे भेदभाव चालत नाही, हा रकाना फक्त कायद्यासाठी असतो, बँक रंग बघतच नाही, बँक फक्त रिस्क बघते आणि त्याप्रमाणे रेट लावते. मी हे पुढे कितीतरी वर्षं खरं मानलं. आणि त्याचं अगदीच चुकलं असं आजही म्हणता येणार नाही. रंग मुद्दाम बघायला लागतच नाही, तो रिस्कमधे आधीच मुरलेला असतो, लोणच्यात मीठ मुरतं तसा. मीठ बरणीत कुणी टाकलं, कधी टाकलं, हे विचारायचं नाही आणि वर म्हणायचं की आम्ही फक्त चव बघतो, यावर मला जे वाटतं ते इथे लिहितोय.

आधी बरणीतल्या मिठाचं.

अमेरिकेत गहाणखताची सुरुवात घरापासून झाली असं आपल्याला वाटतं, पण दक्षिणेकडे माणसंच गहाण पडायची. २००५ साली जेपी मॉर्गन चेस बँकेने जाहीर माफी मागितली. लुइझियानातल्या दोन जुन्या बँका, ज्या विलीनीकरण होत होत शेवटी यांच्यात आल्या, त्यांनी १८३१ ते १८६५ या काळात साधारण १३,००० गुलाम माणसं कर्जाला तारण म्हणून लिहून घेतली होती, आणि मळेवाल्यांनी कर्ज बुडवल्यावर त्यातली साधारण १,२५० माणसं चक्क बँकेच्या मालकीची झाली. ही माफी काही मनाचा मोठेपणा म्हणून आली नाही हां. शिकागो शहराने २००२ मधे नियम केला होता की आमच्याशी धंदा करायचा तर गुलामगिरीशी तुमचा जुना संबंध काय तो शोधा आणि जाहीर करा. मग सापडलं.

गुलामगिरी संपली आणि १८६५ ला फ्रीडमन्स बँक निघाली, मुक्त झालेल्या लोकांनी बचत ठेवावी म्हणून. लोकांना वाटायचं ही सरकारचीच बँक. पैसे गोळा करायचे काळ्या मजुरांचे, पण कर्जं कुणाला द्यायची ते ठरवणाऱ्या मंडळींनी ती स्वतःच्या ओळखीतल्या रेल्वेवाल्यांना आणि जमिनीच्या सट्टेबाजांना दिली, १८७३ ची मंदी आली, १८७४ ला बँक बसली. ६१,००० खातेदार आणि जवळजवळ ३० लाख डॉलर. गुलामगिरीतून सुटून काळ्यांचा मोठा पुढारी झालेल्या फ्रेडरिक डग्लससारख्या माणसाला शेवटच्या काही महिन्यांत अध्यक्ष करून बसवलं होतं, त्याने स्वतःचे १०,००० डॉलर घातले तरी ती वाचली नाही. आपल्याकडे सहकारी बँक बुडाल्यावर शटरबाहेर पासबुक घेऊन उभे असलेले म्हातारेकोतारे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

पण आजच्या अमेरिकेत ब्लॅक आणि गोऱ्या कुटुंबांच्या संपत्तीत जो फरक दिसतो त्याचं मोठं कारण विसाव्या शतकातलं आहे, आणि ते अगदी टेबलावर बसून, नकाशा पसरून, रंगीत पेन्सिलींनी काढलेलं आहे. खरंच. १९३३ ला महामंदीत घरं वाचवायला होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन नावाची सरकारी संस्था निघाली, तिने दोनशेच्या वर शहरांचे नकाशे बनवले, हिरवा म्हणजे उत्तम, निळा बरा, पिवळा उतरणीला लागलेला, लाल धोक्याचा. ब्लॅक लोक राहतात ती वस्ती लाल, जवळजवळ ठरलेलंच. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, नकाशे काढणाऱ्या त्या संस्थेने स्वतः काही ब्लॅक कुटुंबांना कर्ज दिलेलं होतं, त्यामुळे सगळं पाप त्या नकाशांच्या माथी मारणं बरोबर नाही. दार खऱ्या अर्थाने लावून घेतलं ते १९३४ च्या एफएचएने, म्हणजे फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने. ती स्वतः कर्ज द्यायची नाही, बँकेने दिलेल्या कर्जाला सरकारी विमा द्यायची. विमा असला की बँक कमी व्याजात लांब मुदतीचं कर्ज द्यायला तयार, नसला की नाही. आणि या विम्याच्या नियमपुस्तकात लिहिलेलं होतं की वस्तीत विजोड वंशाचे लोक आले तर घरांच्या किमती पडतात, सबब ते येऊ नयेत अशी अट खरेदीखतातच घातलेली बरी.

डेट्रॉइटला याचा पुरावा आजही उभा आहे. १९४१ ला एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, पण शेजारी ब्लॅक वस्ती, म्हणून विमा मिळेना. त्याने काय केलं, मधे भिंत बांधली. सहा फूट उंच, साधारण अर्धा मैल लांब. मिळाला विमा! आपल्याकडे गावकुसाच्या आत कोण आणि बाहेर कोण हे रूढीने ठरायचं, इथे ते विम्याच्या अटीने ठरलं एवढाच फरक, आणि रूढीला निदान कुणी रिस्क मॅनेजमेंट म्हणत नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीवर कर्ज मिळायचं. कागदावर सगळ्यांना, काळ्यांना पण. पण हमी सरकारची असली तरी कर्ज द्यायचं की नाही हे गावातली बँक ठरवणार. १९४७ मधे मिसिसिपीच्या १३ शहरांत अशी ३,२२९ कर्जं दिली गेली. त्यातली ब्लॅक सैनिकांना किती? दोन. टक्के नाही, दोन कर्जं.

मग ज्यांना बँक उभं करत नाही ते घर घ्यायचेच नाहीत का? घ्यायचे, पण कसं ते बघा. शिकागोत १९५० आणि ६० च्या दशकात काँट्रॅक्टवर घर विकायचा धंदा जोरात होता. दलाल पळून जाणाऱ्या गोऱ्याकडून घर स्वस्तात उचलणार, आठवड्याभरात ब्लॅक कुटुंबाला दुप्पट किमतीला हप्त्यावर देणार, शेवटचा हप्ता भरेपर्यंत खरेदीखत दलालाच्याच नावावर, एक हप्ता चुकला की घर गेलं आणि आतापर्यंत भरलेले पैसे पण गेले, पुढच्या आठवड्यात त्याच घरात दुसरं कुटुंब. ड्यूक विद्यापीठाच्या २०१९ च्या एका अभ्यासात या दोन दशकांत एकट्या शिकागोत ब्लॅक कुटुंबांचे ३ ते ४ अब्ज डॉलर गेले असा हिशोब मांडलाय. १९६८ ला लॉनडेल भागातल्या लोकांनी एकत्र येऊन हप्ते द्यायचंच बंद केलं, काही शे कुटुंबांना करार बदलून मिळाले, कोर्टात मात्र ते हरले.

आणि दलालाकडे पैसा कुठून यायचा? बँकेकडून! जी बँक त्या कुटुंबाला सरळ कर्ज द्यायला तयार नव्हती तीच व्यवस्था दलालाला भांडवल देत होती. म्हणजे कर्ज काळ्या माणसापर्यंत पोचत होतंच, फक्त मधे एक माणूस बसवून, दुप्पट भावाने. माझं म्हणणं एवढंच आहे की अन्यायाचे हे दोन प्रकार वेगळे नाहीत, कर्ज नाकारणं आणि महाग कर्ज गळ्यात मारणं. पहिल्याने गिऱ्हाईक तयार होतं, दुसऱ्याने ते कापलं जातं.

१९६८ ला मार्टिन लूथर किंगची हत्या झाली, त्यानंतर आठवड्याभरात घरांमधल्या भेदभावाविरुद्धचा कायदा आला. १९७५ ला आणखी एक कायदा आला, बँकांनी कर्जाचा डेटा जाहीर करायचा. आमचा तो दहावा रकाना याच घराण्यातला. त्यामुळे उघड उघड नाही म्हणणं अवघड झालं. मग नव्वदच्या दशकापासून होकार यायला लागले, आणि मी जे कागद पहाटे तीनला डोळे चोळत बघत होतो ते या होकारांचे होते.

तेव्हाचा लाडका प्रकार म्हणजे दोन-अठ्ठावीस. पहिली दोन वर्षं ठरलेला रेट, पुढची अठ्ठावीस बाजाराप्रमाणे बदलता. हिशोबासाठी धरा की २ लाख डॉलरचं कर्ज ७ टक्क्यांनी, हप्ता १,३३० डॉलर. दोन वर्षांनी रेट साडेदहावर गेला की तोच हप्ता १,८१० च्या आसपास. पगार तेवढाच. आणि लवकर फेडून दुसऱ्या बँकेत जावं म्हणलं तर मुदतपूर्व फेडीचा दंड. आता हे कर्ज कोण देतो, तर ब्रोकर, आणि इथे खरी मेख होती. माणूस ६ टक्क्यांच्या लायकीचा असेल आणि ब्रोकरने त्याला साडेसात टक्के लावून आणलं तर वरच्या फरकापोटी कर्ज देणारी कंपनी ब्रोकरला बक्षीस द्यायची. म्हणजे गिऱ्हाईकाचा जितका तोटा तितकं कमिशन जास्त, हे गुपचूप नाही, राजरोस, कागदावर, तो आकडा पण आम्ही तपासायचो, जुळतोय की नाही एवढंच.

आता असा ब्रोकर गाडी काढून कुठे जाईल सांगा? ज्या वस्तीत तीन बँकांच्या शाखा आहेत, मेव्हणा अकाउंटंट आहे, वडिलांनी दोन घरं घेतली-विकलीत, तिथे? का ज्या वस्तीत साठ वर्षं बँकेने पाऊल ठेवलं नाही, जिथे "तुम्हाला मंजूर झालं" हे वाक्यच घरात पहिल्यांदा ऐकलं जातंय, तिथे? त्याला कुणाचा द्वेष करायची गरजच नाही. तो सकाळी चर्चमधे जात असेल, शेजाऱ्याच्या पोराच्या बारशाला जात असेल, चांगला माणूस असेल. कमिशनचा तक्ता त्याला बरोबर त्या जुन्या लाल नकाशात नेऊन सोडतो.

अर्थात कधीकधी द्वेष पण होता. बाल्टिमोर शहराने जानेवारी २००८ मधे वेल्स फार्गो बँकेवर खटला भरला, त्यात बँकेच्याच माजी कर्मचाऱ्यांनी शपथपत्रं दिली. ब्लॅक वस्त्यांत खपवायच्या कर्जांना ऑफिसमधे "घेटो लोन" म्हणायचे असं त्यात होतं, गिऱ्हाईकांसाठी त्याहून घाण शब्द होते, आणि काळ्यांच्या चर्चमधे "संपत्ती कशी वाढवावी" असे कार्यक्रम लावून तिथून गिऱ्हाईकं पकडायची असंही होतं. बँकेने हे सगळं नाकारलं. पण मला त्या शब्दांपेक्षा पुढचा आकडा जास्त बोचतो. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या २०१२ च्या तक्रारीत आहे की २००७ मधे शिकागो भागात ब्रोकरमार्फत ३ लाख डॉलरचं कर्ज घेणाऱ्या ब्लॅक माणसाने, तेवढ्याच लायकीच्या गोऱ्या माणसापेक्षा, ब्रोकरच्या फीपोटी सरासरी २,९३७ डॉलर जास्त भरले. शिवी कुणी दिली नाही, दार कुणी लावलं नाही. हसतमुखाने सही घेतली आणि २,९३७ डॉलर कापले, आणि त्या माणसाला हे कधी कळलं पण नसेल, कारण शेजारच्या गल्लीतल्या गोऱ्याची फाईल त्याला कोण दाखवणार.

चुकती भरपाई झाली का? झाली म्हणायची. वेल्स फार्गोने आरोप मान्य न करता १७.५ कोटी डॉलरवर मिटवलं, ३४,००० च्या वर ब्लॅक आणि लॅटिनो कर्जदारांचा विषय होता. त्याच वर्षी बँकेचा निव्वळ नफा १८.९ अब्ज डॉलर. म्हणजे साडेतीन दिवसांची कमाई. त्याआधी डिसेंबर २०११ ला कंट्रीवाइड या घरकर्ज देणाऱ्या कंपनीचं प्रकरण ३३.५ कोटींवर मिटलं, तिथे २ लाखांच्या वर कर्जदार होते, भागाकार करा, माणशी १,६७५ डॉलर येतात. आणि रेटमधल्या फरकाची किंमत काय असते ते पण करून बघा, २ लाखाच्या तीस वर्षांच्या कर्जावर ६ ऐवजी ९ टक्के लागले तर महिन्याला ४१० डॉलर जास्त, पूर्ण मुदतीत १ लाख ४७ हजार. दंड हा धंद्याच्या खर्चात बसतो तोवर त्याला शिक्षा कशाला म्हणायचं? आपल्याकडे बेकायदा मजला चढवून नंतर दंड भरून रेग्युलराइज करून घेतात तो बिल्डर यांच्यापेक्षा फार वेगळा नाही.

आता यावर नेहमीचे आक्षेप. मी हे ऑफिसात, व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि न्यू जर्सीला मोठ्या भावाकडे गेलो होतो तेव्हा जेवणाच्या टेबलावर, असे सगळीकडे ऐकलेत.

पहिला, सरकारनेच १९७७ च्या कायद्याने बँकांना गरिबांना कर्ज द्यायला भाग पाडलं आणि त्यातून २००८ चं संकट आलं. हा माझ्या डोक्यात जातो. त्या कायद्याखाली ठेवी घेणाऱ्या बँका येतात, आणि सबप्राइमचा, म्हणजे पत कमी धरलेल्यांना द्यायच्या महागड्या कर्जांचा, मोठा धंदा ज्यांनी केला त्या बहुतेक कंपन्या त्याच्या बाहेरच्या. फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिकडच्या रिझर्व्ह बँकेने, स्वतः तपासलं तेव्हा महागड्या कर्जांपैकी जेमतेम ६ टक्के कर्जं अशी निघाली जी या कायद्याखालच्या बँकांनी आपापल्या भागातल्या कमी उत्पन्नाच्या लोकांना किंवा वस्त्यांना दिलेली होती. सहा टक्क्यांनी जग बुडालं?

दुसरा, हा वंशाचा प्रश्न नाही, गरिबीचा आहे. हा आक्षेप जरा सभ्य आहे आणि अर्धा खरा पण आहे, गरीब गोरे पण पोळले, ओहायोतल्या कितीतरी फाईली मी बघितल्यात. पण अमेरिकेच्याच गृहनिर्माण खात्याने २००० साली सांगितलं होतं की श्रीमंत ब्लॅक वस्त्यांमधे सबप्राइम कर्जाचं प्रमाण गरीब गोऱ्या वस्त्यांच्या दुपटीने आहे. पैसा आला तरी पत्ता पाठ सोडत नाही. आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही, नोकरी लागून, फ्लॅट घेऊनही आडनाव पाठ सोडत नाही म्हणणारे मित्र प्रत्येकाला असतील, नसतील तर तोही विचार करण्यासारखा मुद्दा आहे.

तिसरा आमच्या दादाचा. तो म्हणाला, "अरे आम्ही पण दोन बॅगा घेऊन आलो इथे, कुणी काही दिलं नाही, शिकलो, घासलो, घर घेतलं. यांना काय अडचण?" दादा वयाने मोठा, वहिनी वरण वाढत होत्या, म्हणून तेव्हा फार बोललो नाही, आता बोलतो. दादा, तुझ्या दोन बॅगांमधे इंजिनिअरिंगची डिग्री होती, आणि ती बघूनच तुला व्हिसा दिला. १९६५ मधे अमेरिकेने इमिग्रेशनचा कायदा बदलला, आणि तो बदलायला ज्या नागरी हक्कांच्या चळवळीने हवा तयार केली ती याच लोकांची, मार खाऊन, तुरुंगात जाऊन केलेली. त्याच्या आधी काय होतं? १९२३ ला भगत सिंग थिंड नावाचा माणूस, जो अमेरिकन सैन्यात होता, सुप्रीम कोर्टात गेला आणि कोर्टाने सांगितलं भारतीय माणूस गोरा नाही सबब नागरिकत्व नाही, त्यानंतर कॅलिफोर्नियात भारतीयांना जमिनी स्वतःच्या नावावर ठेवणं मुश्कील झालं. आणि तू घर घेताना पहिला प्रश्न काय विचारलास? शाळा कुठली चांगली. तिथे शाळांचा बराचसा पैसा त्या भागातल्या घरपट्टीतून येतो, म्हणजे घरं महाग तिथे शाळा चांगली, शाळा चांगली म्हणून घरं आणखी महाग. १९७३ ला टेक्सासमधल्या गरीब मेक्सिकन वंशाच्या पालकांनी हेच सुप्रीम कोर्टात मांडलं, पाच विरुद्ध चारने हरले. तू काही वाईट केलं नाहीस रे. तुझा हिशोब बरोबरच होता, त्या वस्तीचे भाव पण एका हिशोबानेच ठरलेले, फक्त तो हिशोब १९३० पासून चालू आहे.

२००८ नंतर काय झालं ते थोडक्यात, कारण ते बऱ्याच जणांना माहिती आहे. बँकांना वाचवायला ७०० अब्ज डॉलरची तरतूद काही आठवड्यांत मंजूर झाली. घरं जप्त झाली. आणि मग २०१२ पासून ब्लॅकस्टोनसारख्या फंडाने इन्व्हिटेशन होम्स नावाची कंपनी काढून अटलांटा, फीनिक्स वगैरे शहरांत पडेल भावाने हजारोंनी घरं उचलली आणि भाड्याने द्यायला लावली. २०१७ ला दुसऱ्या कंपनीत विलीन झाल्यावर ८२,००० च्या आसपास घरं होती यांच्याकडे. घर गेलेलं कुटुंब आता तशाच घरात भाडेकरू, आणि भाड्यात पण छुपे चार्जेस, शेवटी २०२४ मधे ग्राहक संरक्षणाच्या सरकारी खात्याशी कंपनीने ४.८ कोटी डॉलर द्यायचं मान्य करून ते प्रकरण मिटवलं. पुन्हा तोच मजला, तोच दंड. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत संपत्तीप्रमाणे रांग लावली तर बरोबर मधे येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २,८५,००० डॉलर आणि तशाच मधल्या ब्लॅक कुटुंबाची ४४,९००. स्वतःचं घर असलेल्या गोऱ्या आणि ब्लॅक कुटुंबांच्या टक्केवारीतला फरक १९६० ला २७ च्या आसपास होता, घरांमधला भेदभाव कायद्याने बंद व्हायच्या आठ वर्षं आधी, आणि आज तो त्यापेक्षा कमी झालेला नाही.

मला या सगळ्यात आपलं सुपं आठवतं. सुपं म्हणजे पुणे जिल्ह्यातलं, बाजाराचं गाव. अमेरिकेत यादवी युद्ध झालं तेव्हा तिकडचा गुलामांनी पिकवलेला कापूस इंग्लंडला जायचा थांबला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, दख्खनमधे सावकार हात सैल सोडून कर्ज द्यायला लागले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडले, शेतसारा मात्र वाढलेला, आणि कर्ज डोक्यावर. तिकडे फ्रीडमन्स बँक बुडाली त्याच्या पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ ला सुप्यात शेतकरी सावकारांच्या घरांवर गेले. आणि त्यांनी काय मागितलं, तर खतं. कर्जाचे कागद. ते चौकात आणून जाळले, पुणे आणि नगर जिल्ह्यात गावोगाव हेच झालं, बहुतेक ठिकाणी माणसाला फार हात न लावता. अंगठा कशावर लावून घेतला हे वाचता न येणाऱ्या लोकांना जुलूम नेमका कुठे ठेवलाय ते बरोबर कळलं होतं. आणि त्याच्या दोनच वर्षं आधी जोतीरावांनी आपलं गुलामगिरीवरचं पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं, म्हणजे पुण्यात बसून हा धागा दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी धरलेला होता, आम्ही मात्र त्याच पुण्यात बसून रकाने मोजत होतो.

पण आता जाळायचं काय? एक कर्ज दिलं की ते हजारो कर्जांबरोबर एकत्र करायचं, त्याचे थर पाडायचे, वरच्या थराला रेटिंग कंपनीकडून ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात सुरक्षित असा शिक्का, घ्यायचा, आणि नॉर्वेपासून कुठल्या कुठल्या पेन्शन फंडाला विकायचं. खत नक्की कुणाकडे आहे हे बँकेलाच सांगता येईना. ऑक्टोबर २००७ मधे क्लीव्हलँडच्या एका फेडरल न्यायाधीशाने जप्तीची १४ प्रकरणं एकदम काढून टाकली, कारण दावा करणाऱ्या बँकेला ही कर्जं आपलीच आहेत हे कागदावर दाखवताच आलं नाही. पुढे २०१० ला उघड झालं की जप्तीची शपथपत्रं न वाचता दिवसाला शेकड्यांनी सह्या ठोकून काढली जात होती. सुप्याच्या सावकाराचा निदान वाडा माहिती होता.

आता त्या दहाव्या रकान्याचं. आम्ही ज्याला हसलो, ज्याला ट्रेनर कायद्यापुरती फॉर्मॅलिटी म्हणाला, त्याच रकान्यातून वर्षानुवर्षं जाहीर झालेल्या डेटामुळे लोकांना पहिल्यांदा दिसलं की कुणाला कसला रेट लागतोय. बँका म्हणायच्या यात क्रेडिट स्कोअर कुठाय, आणि तो नव्हताच, खटले भरून आतल्या फाईली उघडल्या तेव्हा ते पण बघून झालं. म्हणून आमच्याकडे जात विचारतच नाही, आम्ही सगळ्यांना सारखे, असं कुणी बँकवाला किंवा अ‍ॅपवर पाच मिनिटात लोन देणारा अभिमानाने सांगतो तेव्हा माझे कान उभे राहतात. विचारलं नाही तर दिसणार कसं? आपल्याकडे कुठल्या वस्तीला, कुठल्या आडनावाला काय रेट लागतो हे अर्जावार उघड करणारा असा डेटा कुणी माझ्यासमोर ठेवावा, मी गप्प बसतो.

एक फाईल मात्र डोक्यातून जात नाही. बाल्टिमोरची होती, दोन-अठ्ठावीस, विधवा बाई, साठीच्या पुढची, घर आधीचं जवळजवळ फिटलेलं, छपराच्या दुरुस्तीसाठी म्हणून नवीन कर्ज काढलेलं. तिने दहाव्या भागात "सांगायची इच्छा नाही" वर खूण केली होती. खाली दुसऱ्या पेनाने, दुसऱ्या अक्षरात, ब्रोकरने तिच्याकडे बघून रकाना भरला होता. मी चेकलिस्ट काढली, दहावा भाग पूर्ण, बरोबरची खूण. रेट कागदाशी जुळतोय, बरोबरची खूण. या बाईला हा रेट का, असा मुद्दा चेकलिस्टमधे नव्हता, आणि त्या रात्री अजून बावीस फाईली बाकी होत्या.